तोंडी लावणं

त्या आरशात मी पाहिलं आणि पहिला विचार आला, ही बाई कोण, आणि हिच्या नाकावर रवा कुणी सांडला?

भाच्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लिपस्टिक घ्यायला म्हणून एका झकपक दुकानात शिरले, तर काउंटरवरच्या पोरीने माझ्या हनुवटीसमोर एक गोल आरसा धरला. दहापट मोठं दाखवणारा. दहापट मोठं करून पाहिलं तर हापूसच्या सालीलाही खड्डे दिसतील, तिथे माझ्या बावन्न वर्षांच्या नाकाची काय कथा! "मॅडम, तुमचे पोअर्स ओपन आहेत," ती अगदी हळू म्हणाली. साडीचा फॉल सुटलाय हे बाईने बाईच्या कानात सांगावं, त्या सुरात. मी चटकन ओढणी नाकावर घेतली.

उपाय तिच्या दुसऱ्या हातात तयारच होता. टोनर. २०० मिलिलिटर, ६४९ रुपये. चष्मा लावून मी बाटलीच्या पाठीवरची मुंग्यांएवढी अक्षरं वाचली. जे सगळ्यात जास्त घातलंय त्याचं नाव यादीत पहिलं लिहायचं, अशी रीत असते. पहिलं नाव होतं 'ॲक्वा'. म्हणजे पाणी. लॅटिनमध्ये गेल्यामुळे त्याला भाव आलेला. आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो आणि त्याच्या वर्गणीवरून दर मीटिंगला लोक एकमेकांच्या वाडवडिलांपर्यंत पोचतात. पण पाण्याला हा दर अजून कुणी लावला नव्हता. बाटली जागेवर ठेवली आणि तरातरा निघाले. लिपस्टिक राहिलीच.

घरी आल्याआल्या लेकीला बंगळूरला फोन लावला. ती फार्मसी शिकलेली आहे, त्यामुळे घरातल्या कुठल्याही बाटलीवर शेवटचा शब्द तिचा असतो.

"आई, पोअर्स उघडत नाहीत आणि मिटतही नाहीत. त्यांना दार नसतं. उघडझाप करायला तिथे स्नायूच नाही."

"मग ते टोनर करतं काय?"

"साबणाने मागे ठेवलेलं पुसतं." मग तिने शिकवणी घेतली. आपली त्वचा किंचित आम्ल. तिचा पीएच साधारण पाचच्या आसपास. साबण अल्कधर्मी, नऊ-दहाच्या घरातला. त्यात तुमचं बोअरचं आणि टँकरचं पाणी क्षारांनी भरलेलं. साबण आणि क्षार यांचा मिळून एक चिकट थर बसतो. बादलीला आतून पांढरी कड धरते ना, तोच. पूर्वी सगळे साबणानेच तोंड धुवायचे, तेव्हा तो थर पुसायला आणि त्वचा मूळपदावर आणायला टोनर आलं. आताचे फेसवॉश सौम्य असतात. "तुला लागतंच असं नाही."

'लागतंच असं नाही' हे ऐकून माणसं थांबली असती तर तुळशीबागेत आज गाई चरल्या असत्या.

"बरं, घरी कर," ती सुस्कारा टाकून म्हणाली. "काकडी, तांदळाचं पाणी, गुलाब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. खाज आली नाही, लाल झालं नाही, तर तोंडाला लाव."

तोंडाला लाव. पुढचे तीन आठवडे जो घोळ झाला तो सगळा या दोन शब्दांनी केला. मराठीने इथे काटकसर केलेली आहे. धुवायचं ते तोंड आणि जेवायचं तेही तोंडच. इतर घरांत हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदत असतील. आमच्याकडे दुसऱ्याने पहिल्याला केव्हाच घराबाहेर काढलंय.

सुरुवात काकडीपासून केली. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे ॲक्वाचा प्रश्न परस्पर सुटला. दोन कोवळ्या काकड्या किसल्या, कीस मुठीत घट्ट पिळून रस वाडग्यात काढला आणि गाळायला मलमलचा तुकडा शोधायला कपाटाकडे गेले. परत येते तो सासूबाई ओट्यापाशी. वय ८१, पण ओट्यावर काही उघडं दिसलं की वय विसरतात.

"पिळून ठेवलीस ते झकास केलंस," त्या म्हणाल्या. "नाहीतर कोशिंबिरीला पाणी सुटतं." किसावर दाण्याचं कूट पडलं होतं, दही पडलं होतं, आणि वर हिंग-मिरचीची फोडणी चुरचुरत होती.

"आई, पण रस?"

"वाया कशाला घालवायचा? थालिपिठाची भाजणी भिजवली त्यात."

माझ्या वाट्याला आली ती काकडीची डेखं. डेख कापून ते कापल्या जागी गोल गोल चोळायचं, पांढरा फेस येतो आणि काकडीचा कडूपणा निघून जातो, हे सासूबाईंचं शास्त्र. मी न्हाणीघरात जाऊन ती डेखं गालांवर गोल गोल चोळली. माझाही थोडा निघाला तर बघावं.

रात्री पानावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, "तोंडी लावायला काय आहे?"

"टोनर," मी म्हटलं आणि कोशिंबीर वाढली.

पुढची पाळी तांदळाची. पहिलं पाणी धुऊन टाकायचं, दुसऱ्या पाण्यात अर्धा तास तांदूळ भिजवायचे आणि ते दुधट पाणी गाळून घ्यायचं. सासूबाईंच्या भाषेत धुवण. तांदूळ आंबेमोहोर होता, ही माझी चूक. कापसाच्या बोळ्याने तोंडभर लावून पेपर वाचायला बसले, तर हे नाक वर करून सगळ्या घरभर फिरले आणि शेवटी माझ्याच खुर्चीपाशी येऊन थांबले.

"कुकर लावलायस?"

"नाही. टोनर लावलंय."

उरलेलं धुवण एका बाटलीत भरून बेसिनवर ठेवलं. वैशाखातलं ऊन, बंद न्हाणीघर. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण फिरवलं तर फट्ट! गणपतीतल्या टिकलीसारखा आवाज झाला आणि आंबलेल्या इडलीच्या पिठाचा वास सुटला. लेकीला फोन. "आई, दुकानातल्या बाटलीत टिकाऊपणासाठी काहीतरी घातलेलं असतं. तुझ्यात काय आहे? पाणी आणि पिष्ट. जंतूंना याहून चांगली खानावळ कुठे मिळणार? घरचं काहीही असेल तर फ्रिजमध्ये ठेव, तीन-चार दिवसांत संपव, नाहीतर फेकून दे."

फेकून दे! आमच्या घरात हा शब्द सासूबाईंच्या कानावर पडून चालत नाही. त्यांनी ती बाटली कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. आठवड्याभरात झाडाला तुकतुकीत पालवी फुटली. त्या कढीपत्त्याचे पोअर्स आता अगदी टाइट आहेत.

भिशीतल्या मैत्रिणीने सफरचंदाचं व्हिनेगर सुचवलं. पाण्यात थोडंसं मिसळून लावायचं म्हणाली. आमच्या फडताळात सफरचंदाचं काहीच नव्हतं. आंबट म्हणून जे काही होतं ते माहेरून आलेलं कोकमाचं आगळ. आंबट ते आंबट, असा मी साधा हिशेब केला. वाटीभर पाण्यात दोन चमचे. कोपराची परीक्षा या वेळी गाळली, कारण लग्न आता दहा दिवसांवर होतं. दोन गोष्टी विसरले. आगळात मीठ असतं ही एक. आणि आदल्याच संध्याकाळी मी पार्लरमध्ये अप्पर लिप करून आले होते, ही दुसरी. बोळा ओठाच्या वर टेकला मात्र, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे माझे सगळे नातेवाईक डोळ्यांपुढून एका रांगेत गेले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इस्त्रीवाला. कपड्यांचं गाठोडं देता देता त्याने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि अदबीने विचारलं, "ताई, रंगपंचमी होऊन गेली ना?"

सोलकढीच्या रंगाचं तोंड घेऊन मी स्वयंपाकघरात धावले. आम्लावर अल्क घातलं की उदासीन होतं, एवढं शाळेतलं आठवत होतं. खायच्या सोड्याचा डबा उघडला आणि सुदैवाने त्याच क्षणी लेकीचा फोन आला.

"आई, तो चेहरा आहे, ढोकळा नाही! थंड पाण्याने धू आणि सोडा खाली ठेव." मग पुन्हा शिकवणी. त्वचा पाचाच्या आसपास, लिंबाचा रस दोन-अडीच, सोडा आठाच्या वर. "एकदा तू तिला इकडे ओढतेस, एकदा तिकडे. तिला घरी राहू दे की! आणि लिंबू तर अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे फोड येतात, आणि त्यांचे काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत." मी लिंबू उचललेलं तिला बंगळूरहून कसं दिसलं कोण जाणे.

हा सगळा गोंधळ चालू असताना हे शांतपणे दाढी उरकून गालांवर तुरटी फिरवत होते. गेली तीस वर्षं रोज फिरवतात. साबणदाणीच्या झाकणात ठेवलेला काचेसारखा खडा; झिजून झिजून मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा खोल झालेला. फोनवर लेक हसून म्हणाली, "बाबा टोनरच लावतायत की! तुरटी त्वचा आकसवते. पण तुझी त्वचा कोरडी आहे, तू नको लावूस." म्हणजे वीसेक रुपयांच्या खड्यावर या माणसाने तीस वर्षं टोनिंग केलं, आणि तेही नकळत! हा अपमान सहन न होऊन मी गुपचूप तुरटी फिरवली. तोंड असं आवळलं की दुपारभर हसता आलं नाही. "रागावलीस का गं?" सासूबाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाल्या, "आम्ही पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवायचो ती. गाळ तळाशी बसायचा." माझा गाळ कुठे बसला ते त्या बोलल्या नाहीत.

"तुमच्या वेळी तोंडाला काय लावायचे, आई?" मी दगडी ओठांनी विचारलं.

"दिवाळीला उटणं. एरवी काय लावणार? वाड्यात आरसा एकच, बोळातल्या खुंटीला, आणि त्याचाही पारा उडालेला. ठिपके आरशाचे का आपले, कुणाला कळायचं?"

शेवटी उरला गुलाब. फुलवाल्याकडचे नकोत, त्यांच्यावर फवारणी असते. तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंडीतले गावठी मिळाले, ओंजळभर पाकळ्या. गुलाबपाणी काढायला उत्तर प्रदेशात कनौजला तांब्याच्या मोठ्या देगेत फुलं आणि पाणी घालून खाली आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून निघते आणि पाण्यात बुडवलेल्या भपका नावाच्या भांड्यात जाऊन थंड होते. आमची देग म्हणजे डाळीचं पातेलं. तळाशी मध्ये एक वाटी पालथी घातली, तिच्यावर दुसरी सुलटी ठेवली, भोवती पाकळ्या आणि त्या जेमतेम बुडतील एवढं फिल्टरचं पाणी. वर काचेचं घुमटाकार झाकण उलटं ठेवून त्याच्या खोलगट भागात बर्फ. गॅस अगदी मंद.

दहा मिनिटांनी झाकणाच्या पोटाला धुकं धरलं. मग त्या धुक्याचे थेंब झाले, थेंब घरंगळत झाकणाच्या मधल्या मुठीपाशी जमले, आणि तिथून एकेक करून वाटीत टपकायला लागले. टप. टप. पाकळ्यांचा रंग उतरून त्या फिक्या पडल्या होत्या, पण वाटीतलं पाणी स्वच्छ. आम्ही तिघं गॅसभोवती उभे. आमच्या स्वयंपाकघरात तिघंजण इतका वेळ न बोलता उभे राहिलेले मी प्रथमच पाहिले. अर्ध्या तासात वाटीभर गुलाबपाणी झालं. सासूबाईंनी वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. "लग्नाचा वास गं. मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी घेऊन मलाच उभं करायचे."

हे मात्र कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं. उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केलेली काचेची बाटली. फ्रिजचं दार, वरचा कप्पा. आणि बाटलीवर चिठ्ठी, मार्करने, मोठ्या अक्षरांत : तोंडाला लावायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता हे पत्रिका वाटून उन्हातून आले. मी बाहेर आले तेव्हा फ्रिजचं दार उघडं होतं, हे मान मागे टाकून उभे होते आणि बाटलीच्या तळाशी बोटभर गुलाबपाणी उरलं होतं.

"अहो, हे काय केलंत!"

"लिहिलंयस ना, तोंडाला लावायचे? लावली." मिशा पुसून त्यांनी बाटली उजेडात धरली. "वास फक्कड आहे. पण साखर घालायची विसरलीस."

आता यात चूक कुणाची? मराठीच्या कुठल्याही परीक्षेत त्यांना पूर्ण गुण मिळाले असते.

काकू भल्या, पुन्हा ओंजळभर पाकळ्या मिळाल्या. पुन्हा पातेलं, पुन्हा बर्फ, पुन्हा टप टप. या वेळी चिठ्ठी मी विचार करून लिहिली : चेहऱ्याला लावायचे. तोंडाला नाही. खाली दोन रेघा ओढल्या.

सासूबाईंनी चष्मा चढवून ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. लग्न परवावर आलं होतं, माझ्या नाकावरचा रवा होता तिथेच होता, आणि त्यांना खरोखरच शंका आली होती.

"अगं, तोंड सोडलं तर चेहऱ्यात उरतं काय?"

उत्तर द्यायला म्हणून मी तोंड उघडलं. लेक म्हणाली होती ते खरं. पोअर्स उघडत नाहीत आणि मिटतही नाहीत. ते काम तोंडाचं. मी ते मिटलं.