दहा मिनिटं फेस

पावसाळ्यात कुत्र्याला खाज सुटली की ती घरापुरती राहत नाही, साऱ्या सोसायटीची होते. तळमजल्यावरचे काका कडुनिंबाचा पाला उकळायला सांगतात, समोरच्या वहिनी खोबरेलात हळद कालवून आणतात. कुत्र्याला काहीही चोपडलं की ते चाटून चाटून पोटात जातं आणि हळद तेवढी सोफ्यावर उरते, हे सांगून उपयोग नसतो. आमचा बंड्या सल्ला चालू असतानाच बसकण मारतो आणि मागच्या पायाने मान खाजवतो. सल्लागाराला वाटतं, पटलं याला.

डॉक्टरीणबाई आधी कंगवा काढतात. बारीक दातांचा. तो शेपटीच्या मुळाशी फिरवून निघालेली काळी भुकटी त्यांनी ओल्या कापसावर टेकवली, तर कडेने तांबूस डाग पसरला. ‘‘माती असती तर काळीच राहिली असती. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच रक्त.’’ पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असली की दोन-चार चावेही पुरतात, त्यामुळे अंगावर पिसू सापडेलच असं नाही. आणि अंडी तरी अंगावर कुठे थांबतात? ती गळतात सतरंजीवर, सोफ्याच्या फटीत. कोशातली पिसू तिथे महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि पावलांचा हादरा जाणवला की बाहेर येते. तेव्हा पेशंट बंड्या, पण उपचार सोफ्यालाही. त्याच्या मानेवर दर महिन्याला औषध, आणि आम्हाला चादरी गरम पाण्यात धुण्याची शिक्षा.

‘ए, खाजवू नकोस!’ असं ओरडण्यात अर्थ नाही. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुत्र्याच्या या खाजवण्याचाच अभ्यास केला होता, तोही ‘विजेची पिसू’ लावून. पायाचा तो ताल मज्जारज्जूच सांभाळतो, मेंदूला विचारावं लागत नाही, हे त्याने दाखवलं. मज्जारज्जूला कान कुठले?

राहिला शाम्पू. आपला चालत नाही. कुत्र्याची त्वचा आपल्याहून पातळ आणि कमी आम्लधर्मी. औषधी शाम्पू लावून थांबावं लागतं, नाहीतर गुण येत नाही. पहिल्या मिनिटाला बंड्या आपल्याकडे असा बघतो, जणू त्याला विकायला काढलंय. तिसऱ्या मिनिटाला नाकाशी एक शहारा सुटतो आणि तो शेपटीपर्यंत पोचायच्या आत बाथरूमचं दार काही लावून होत नाही. बाटलीवर ‘फेस दहा मिनिटं राहू द्यावा’ एवढंच छापलेलं असतं. कुठे, ते नाही.