खडीचा शौक

चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम खडीत, मुरुमात आणि धुळीत घालण्यासाठी एक खास सायकल मिळते, आणि ती घ्यायला लोक पैसे मोजतात, हे कोकणातल्या माणसाला पटवणं फार अवघड. तिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीचं, खाली वळलेलं. टायर तिच्यापेक्षा जाड, चाळीसेक मिलिमीटर रुंद. आणि बसणाऱ्याच्या अंगावर इतके तंग कपडे की त्याच्या पोटाबद्दल गैरसमजाला जागाच उरू नये. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया या गावी अशा सायकलींची २०० मैलांची शर्यत २००६ पासून भरते. तिथल्या टेकड्यांत चकमकीचे दगड आहेत आणि ते टायर सरळ चिरतात, असं मी वाचलं. वाचून भीती वाटायला हवी होती. मला वाटला तो देशाभिमान: चकमक नसेना का, आमच्याकडे जांभा आहे!

तर रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेकडे निघालो. बेत असा की सागरी महामार्गाला शक्यतो टांग मारायची. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, गाडीवाटांनी जायचं, कड्यावरून समुद्र बघायचा, मग झाडीत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. हे ‘पुन्हा वर चढायचं’ नकाशावर दिसत नाही. कोकण किनाऱ्यावर आहे म्हणून सपाट असेल, अशी समजूत मोटारीतून फिरणाऱ्यांची असते. इथे प्रत्येक खाडीला खाली उतरावं लागतं आणि प्रत्येक उताराची वसुली पलीकडच्या काठावर होते.

गणेशगुळे सुंदर. पूर्णगड आणि तिथून दिसणारं मुचकुंदीचं मुख, तेही सुंदर. गावखडीला सुरूचं बन आहे आणि त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालायला येतात. मी गेलो तेव्हा एकही कासव नव्हतं, पण वेगाच्या बाबतीत त्यांची उणीव मी भासू दिली नाही.

सड्यावर मात्र जीव रमला. जांभा हा विलक्षण दगड आहे. लाखो वर्षांच्या पावसाने काळ्या कातळातलं बरंचसं धुऊन नेलं आणि मागे राहिलं ते मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम. जमिनीखाली तो इतका मऊ की त्याचे चिरे कापून काढता येतात. उघड्यावर, वाऱ्याउन्हात आला की कडक होतो. पावसाळ्यात या सड्यावर फुलांचे गालिचे असतात. जानेवारीत असतं ते वाळलं गवत, चटका देणारा लालकाळा कातळ आणि मग एकदम काहीच नाही. सडा तिथेच संपतो, आणि खाली फेसाळणारं पाणी. मी कड्यापासून बराच अलीकडे उतरलो आणि सायकल हातात धरून, ती घाबरली आहे असं दाखवत पुढे गेलो.

कशेळीचा कोरीव हत्ती पाहिला. जवळजवळ १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात बाकीचे प्राणी कोरलेले. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ज्या कातळात कुणीतरी एवढा हत्ती कोरला, त्याच कातळाने पुढच्या अर्ध्या तासात माझा टायर कोरला.

वाट सड्यावरून एका वाडीत उतरत होती. लाल माती, दोन्ही बाजूंना गडगे, वर ऐन, किंजळ, काजू, मधूनच रातांब्याचं झाड. सावली अशी की मला गाणं सुचलं. गडग्यातून निखळलेला एक चिरा वाटेत कोपऱ्यावर उभा होता. पुढचं चाक त्याला घासून गेलं, ‘फस्स’ झालं आणि माझ्या छातीवर, दाढीवर, चष्म्यावर पांढऱ्या द्रवाची पिचकारी बसली.

या टायरात ट्यूब नसते. आत एक द्रव असतो आणि भोक पडलं की तो आपणहून ते बुजवतो, असं दुकानदार म्हणाला होता. तो भोकाबद्दल बोलत होता. इथे टायरला बाजूने बोटभर चीर गेली होती, आणि बुजली असेल तर ती फक्त माझी नाकपुडी.

गडग्यापलीकडे एक आजोबा कोयतीने कवळ तोडत होते. वाडीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी काम थांबवलं, जवळ आले, माझ्या बाहीवरचा द्रव चिमटीत घेऊन ताणून पाहिला आणि निदान केलं, “चीक आहे.”

“सीलंट आहे.”

“फणसाला असतो तसला. पाण्याने घासू नका, बसेल. अगो, खोबरेल आण!”

आणि खरोखर, तो चीकच. या द्रवात रबराचा चीक असतो. अण्णांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तेलाची वाटी आणली आणि माझी दाढी फणस कापलेल्या सुरीच्या इतमामाने साफ झाली.

मी जवळची ट्यूब काढली. फाटक्या टायराला आतून दहाची नोट लावायची आणि वर ट्यूब घालून हवा भरायची, ही सायकलवाल्यांची जुनी युक्ती. तोवर निम्मी वाडी जमली होती. हवा भरली, दोन पावलं चाललो, ट्यूब त्या चिरेतून फुग्यागत बाहेर आली आणि फुटली. नोटेचे दोन तुकडे झाले.

“शंभराची लावायला हवी होतीत,” अण्णा म्हणाले.

मग चाकाभोवती सभा भरली. एका मुलाने पंक्चरवाल्याला आणायची सूचना केली. पंक्चरवाला मुंबईला लग्नाला गेला होता. दुसऱ्याने सायकल इथेच ठेवून जा म्हणून सुचवलं आणि लगेच घंटी शोधू लागला.

“घंटी नाही हिला?”

“नाही.”

“स्टँड?” अण्णांनी विचारलं.

“नसतो.”

“मडगार्ड? कॅरियर?”

“वजन वाढतं.”

“कितीला घेतलीत?”

बायकोला मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली आहे, ऑफिसात पाव. अण्णांना म्हटलं, “पंधरा हजार.”

“फसवलंनीत तुम्हाला,” ते कळवळून म्हणाले. “अर्धी सायकल दिलीनीत.”

मला तेव्हा उन्हाचा, उपदेशाचा आणि त्या बघ्या पोरांचा असा संताप आला होता की मी फटकन म्हटलं, “असाच रस्ता हवा होता मला. कच्चा. मुद्दाम आलो.”

कुणी हसलं नाही. काकू पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर नातू. तो माझ्या हेल्मेटचा पट्टा चघळत होता.

“हा पोटात होता तेव्हा,” त्या म्हणाल्या, “श्रावणातल्या रात्री सुनेला डोलीत घालून वर नेली. रिक्षा येईना ना चिखलात. चौघे जण, बॅटरी धरायला मी. या वळणावर एकाचा पाय सरकला.” रस्त्याच्या अर्जांच्या प्रती अण्णांनी पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत म्हणे. मी पंप हातात धरून बसून राहिलो. पोराने पट्टा सोडला आणि माझं बोट धरलं.

अण्णांनीच विषय मिटवला. उठले आणि परसातल्या उडवीतून पेंढ्याचे दोन भारे काढून आणले.

“हवा राहत नाही ना? मग हवा कशाला?”

टायरात गवत कोंबून घरी पोचलेले सायकलवाले जगात आहेत, हे मी वाचलं होतं. अण्णांनी काही वाचलं नव्हतं. त्यांनी पेंढ्याला पाणी मारलं, पीळ घातला आणि कोयतीच्या मुठीने तो टायरात ठासायला सुरुवात केली. सगळी गंमत ठासण्यात. सैल राहिला तर टायर रिमवरून उतरतो. पोरं पीळ देत होती, मी टायर ताणून धरत होतो, काकू “वाल्वापाशी कमी आहे” म्हणून देखरेख करत होत्या. शेवटी चीर सुंभाने आवळून बांधली. पैसे विचारले तर अण्णा रागावले. कोकम सरबत पाजलं आणि वर बजावलं, “जाताना डांबरावरून जा हो.”

गेलो. दर फेऱ्याला सुंभ ‘टप्’ करायचं, चाक करकरायचं आणि मागे पेंढ्याची रेघ पडायची. त्या रेघेवरून चरत चरत एक गाय आडिवऱ्याच्या अलीकडपर्यंत सोबत आली. चढावर तिने मला गाठलं आणि चालत्या चाकातून घास घेतला. आडिवऱ्याच्या महाकालीला देवळाबाहेरूनच हात जोडले, कारण सायकल क्षणभरही एकटी सोडण्याजोगी नव्हती.

रत्नागिरीची एसटी आली. कंडक्टरने माझ्या तेलकट दाढीकडे पाहिलं, मग चाकातून लोंबणाऱ्या पेंढ्याकडे.

“सायकलचं लगेज पडेल. वैरणीचं सोडतो. पण उतरताना सगळं आठवणीने न्या. मागच्या खेपेला एक जण कोंबडा विसरून गेला, तो अजून डेपोत आहे.”