गॅसवरचं भरीत

थंडी पडली की जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला शेत आठवतं, मग ते स्वतःचं असो वा नसो. कोणीतरी भरीत पार्टीचा दिवस ठरवतो. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटतात, वांगी थेट जाळात जातात, काळीठिक्कर होऊन बाहेर येतात आणि साल काढून लाकडी उखळीत ठेचली जातात. पन्नास माणसं जेवतात आणि पन्नास जण मिरची कमी पडली म्हणतात.

ज्यांच्या नशिबी शेत नाही, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, त्यांनी काय करावं? गॅसवर जाळी ठेवावी आणि टोमणे ऐकायची तयारी ठेवावी. शेतवाले नातलग गॅसवरच्या भरताला भरीत म्हणत नाहीत. 'भाजी बरी झालीय' म्हणतात. त्यांचं अगदीच चूक नाही. गॅस स्वच्छ जळतो. आच देतो, धूर देत नाही. भरताचा अर्धा जीव त्या काड्यांच्या धुरात असतो.

निम्मी बाजी मात्र बाजारातच जिंकता येते. जांभळं, तुकतुकीत वांगं दिसायला देखणं असेल, पण खानदेशी माणूस हिरवट-पांढरं, पोटानं मोठं, कमी बियांचं वांगंच घेणार. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातही यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव मोठं. इतकं मोठं, की पुण्यातल्या हातगाडीवरचं वांगंसुद्धा शपथेवर बामणोदचं असतं. शपथेकडे लक्ष देऊ नये. वांगं हातात तोलावं. आकाराच्या मानानं हलकं लागलं तर घ्यावं.

घरी आल्यावर ते धुऊन कोरडं पुसावं, तेलाचा हात फिरवावा आणि सुरीनं दोन-चार ठिकाणी टोचावं. टोचायचा कंटाळा करू नये. वांग्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. वाफेला वाट मिळाली नाही तर ते फुटतं, आणि मग भरीत ओट्याच्या फरशीवर शोधावं लागतं. त्याच चिरांत लसणाच्या पाकळ्या खोचल्या तर त्याही आत शिजतात. देठ कापू नये. फिरवायला तीच मूठ. आच मध्यम ठेवावी. मोठ्या आचेवर साल जळते, आत वांगं कच्चंच राहतं. देठाजवळ सुरी अलगद शिरली की उतरवावं आणि दहा मिनिटं झाकून ठेवावं. साल आपोआप सुटते. सुटली नाही म्हणून वांगं नळाखाली धरणारेही लोक आहेत. त्यांच्याशी वाद घालू नये, फक्त त्यांच्याकडे भरीत खायला जाऊ नये.

राहिला धूर. कोळशाचा तुकडा गॅसवरच लालबुंद करून वाटीत ठेवावा, वाटी भरताच्या पातेल्यात, कोळशावर तेलाचे दोन थेंब आणि वर घट्ट झाकण. खिडकी उघडी ठेवावी. पाच मिनिटांत भरताला शेताची आठवण येते. पुरती नाही, पण नातलग 'भाजी' म्हणताना जरा अडखळतात.

पुढचं सोपं. हिरव्या मिरच्या भाजून लसणासोबत ठेचायच्या, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर, तेल सढळ हातानं. टोमॅटो घालायचा विचार मनात आला तर तो मनातच ठेवावा. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते पुन्हा पानात येतं. इतके महिने थांबलेल्या माणसाला गॅस काय नि काड्या काय!

एका बाबतीत मात्र शेत आणि फ्लॅट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेतात भरीत बहुधा पुरुष करतात, तेही मोठ्या थाटात, कारण तिथं राख उडून जाते. घरात वांग्याचं पाणी बर्नरच्या भोकांत ठिबकतं, वाळतं, घट्ट बसतं, आणि दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना ज्योत एकाच बाजूनं पिवळी पेटते. तेव्हा भाजणारा ऑफिसात असतो. म्हणून भरताची हौस असलेल्या तमाम दादा-भाऊंना एकच विनंती: वांगं जाळीवर ठेवण्याआधी बर्नर कोण घासणार ते ठरवा, आणि तुमचंच नाव सांगा.