काळ्या मशीनचे नवे भक्त

ऐकलंत का? कानावर आलंच असेल म्हणा, तरी सांगते. ज्या काळ्या लोखंडी शिलाई मशीनकडे काही वर्षांपूर्वी भंगारवालासुद्धा नाक मुरडून बघायचा आणि किलोच्या भावानं उचलून न्यायचा, त्याच मशीनपायी आता चांगल्या घरची माणसं बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करत उभी असतात. मशीन घरी येतं, पुसूनपासून दिवाणखान्यात जातं. शिवायला? छे, भलतंच काय विचारता! वरचं डोकं काढून माळ्यावर टाकायचं आणि खालच्या पायडलच्या सांगाड्यावर ग्रॅनाइट टाकून त्यात वॉशबेसिन बसवायचं. बेसिन! ज्या पायडलवर कुणाच्या तरी आजीनं उभा जन्म परकर, झबली आणि उशांचे अभ्रे शिवले, तिथं आता पाहुणे हात धुतात आणि "अय्या, किती व्हिंटेज!" म्हणून फोटो काढतात. हात पुसायचा नॅपकिन मात्र मॉलमधला, शिवून आलेला.

हे आपलंच खूळ असतं तर झाकून तरी ठेवलं असतं. पण तिकडे साहेबाच्या देशात ऑलसेंट्स नावाची तयार कपड्यांची दुकानं आहेत. त्यांच्या काचेच्या खिडक्यांत जुनी शिलाई मशीनं एकावर एक अशी खालपासून वरपर्यंत रचलेली असतात. शेकड्यांनी! आत टांगलेल्या कपड्यांशी त्या मशीनांचा काडीचा संबंध नाही. मशीनवर शिवणाऱ्या तिकडच्या बायका ते पाहून हळहळतात म्हणे.

याच्यावर ताण केली ती सौदी अरेबियानं. 2009 च्या एप्रिलमध्ये तिथं कुणीतरी उठवलं, की सिंगर कंपनीच्या जुन्या मशीनमध्ये लाल पारा असतो. हा लाल पारा म्हणजे नेमकं काय, ते विचारू नका. कुणी म्हणे त्यानं अणुबॉम्ब होतो, कुणी म्हणे गुप्तधन सापडतं. असला काही पदार्थ असल्याचा पुरावा कुठंच नाही, पण बाजाराला पुरावा कशाला लागतो? एकेका मशीनचा भाव दोन लाख रियालपर्यंत चढल्याच्या बातम्या आल्या. शिंप्यांच्या दुकानांतून मशीनं पळवली गेली. पारा ओळखायची रीत तर ऐकण्यासारखी आहे: मोबाइल सुईजवळ धरायचा, लाइन तुटली की समजायचं, आत पारा आहे! शेवटी पोलिसांना चौकशी लावावी लागली.

हसू नका. आपल्याकडे लाल पारा नसेल, पण 'पूर्वीचं लोखंड' आहे ना! "पूर्वीचं लोखंड होतं हो ते" असं म्हटलं की वाद संपला. त्या लोखंडात काय होतं, कुणी सांगत नाही. पण ते आता मिळत नाही, यावर सगळ्यांचं एकमत. मशीनच्या अंगावरचा नंबर वाय अक्षरानं सुरू होत असला तर ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँकमधल्या सिंगर कारखान्याचं, हे आता व्हॉट्सॲपवरच्या भक्तांना पाठ आहे. स्फिंक्सची सोनेरी नक्षी असली तर विचारूच नका, एकमेकींना कुंडली जुळल्यासारखे निरोप जातात. क्लाइडबँकचा तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून सिंगरच आहे. भक्तांपैकी कुणीतरी तिथं जाऊन नारळ फोडेल, असा मला दाट संशय आहे.

आता घराघरातला तमाशा. सूनबाई ऑनलाइन पांढरं मशीन मागवतात. सासूबाई ते एका हातानं उचलून बघतात.

"अगं, हे असं उचलता येतं? उचलता येतं ते मशीन कसलं?"

"आई, उचलून ठेवता यावं म्हणूनच घेतलंय."

झालं! तिथून पुढं आठ दिवस घरात दोन पक्ष. एका पक्षाकडे आंदणात आलेलं, दोन माणसांशिवाय न हलणारं धूड. दुसऱ्या पक्षाकडे वीस-बावीस टाक्यांची चित्रं असलेली चकती. त्यातले पानाफुलांचे टाके पहिल्या दिवशी जुन्या चिंधीवर काढून होतात आणि मग वर्षभर चकती साध्या टिपेवरच उभी असते.

खरं सांगायचं तर सासूबाईंचा पक्ष अगदीच पोकळ नाही. काळ्या मशीनला एकच काम येतं, सरळ टीप. पण ती टीप अशी पडते की पट्टीनं आखावी. कारण साधं आहे. सुई फक्त वर-खाली जाते, त्यामुळे खालच्या पत्र्याला सुईपुरतंच बारीक भोक असतं. झिगझॅग मशीनमध्ये सुई डावी-उजवीकडे हलते, म्हणून भोक लांबट करावं लागतं. मग पातळ मलमल किंवा शिफॉन शिवताना पहिल्याच टाक्याला कापड त्या भोकात ओढलं जातं आणि दात्यांत अडकून बसतं. शिवाय ओतीव लोखंडाचं वजन थरथर गिळून टाकतं. वीज गेली तरी पायडल चालतं. तेलाची भोकं दिसतील अशी, सगळं काही स्क्रूवर, त्यामुळे मास्तर एका स्क्रू-ड्रायव्हरवर अख्खं मशीन उघडून बसतो. सिंगरचा पंधरा नंबरचा घाट तर युद्धानंतर जपान्यांनी जसाच्या तसा उचलला आणि आपल्याकडेही त्याच घाटाची काळी मशीनं वर्षानुवर्षं निघाली. म्हणून त्याची बॉबिन आणि बॉबिन-केस आजही तालुक्याच्या गावात मिळते. घरगुती सुई तर काळ्याला लागते तीच बहुतेक पांढऱ्यालाही चालते. घरात पक्ष दोन, पण सुयांचं पाकीट एकच.

पण मग काज करायची वेळ आली की सासूबाईंचं मशीन गप्प. काज हातानं. टी-शर्टची बाही उसवली आणि सरळ टीप मारली, तर ताणल्याबरोबर दोरा तटकन तुटतो. कापडाची कडा सुटू नये म्हणून ओव्हरलॉक करून आणायला पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत चालायचं. बऱ्याच जुन्या मशीनांत उलटी टीपसुद्धा नाही. शेवट पक्का करायला कापडच फिरवून घ्या. आणि पाय जरा चुकून उलटा पडला की दोऱ्याचा गुंता ठरलेला. हे सगळं भक्तमंडळी सांगत नाहीत, कारण त्यांना माहीतच नाही. मी तर कुणालाही एकच प्रश्न विचारते: "शेवटचं काय शिवलंत हो यावर?" जो जितका 'पूर्वीचं लोखंड' म्हणतो, तितक्या लगबगीनं तो हा प्रश्न ऐकून चहाचा कप ठेवायला आत जातो.

जुनं ते टिकाऊ म्हणतात, तेही अर्धंच. जी मशीनं मोडली ती कधीच वितळून गेली, आपल्याला दिसतात ती तगलेली. आणि काही मोडली नाहीत, मोडली गेली! 1856 मध्ये सिंगर कंपनीच्या एडवर्ड क्लार्कनं हप्त्यानं मशीन द्यायला सुरुवात केली, कारण शंभर डॉलरच्या वर किंमत एकरकमी कोण देणार? त्याच सुमारास जुनं मशीन आणा, नव्यात सूट घ्या, असंही सुरू झालं. गोळा झालेली जुनी मशीनं कंपनी चक्क फोडून टाकायची, पुन्हा बाजारात यायला नकोत म्हणून. म्हणजे जुन्या-नव्याचं हे भांडण लावून देणारे मूळचे तेच. पुढं 1960 च्या दशकात त्यांनीच घरगुती मशीनांत नायलॉनचे गिअर घातले. आवाज कमी झाला, पण वर्षं गेली तसे ते गिअर तडकू लागले. 'नवं म्हणजे प्लास्टिक' ही ओरड तिथून जोरात सुरू झाली. आजच्या पांढऱ्या मशीनांत बाहेर प्लास्टिक असलं तरी आत बऱ्याचदा धातूचा सांगाडा असतो. काळजी करायची ती सर्किट बोर्डाची. तो गेला की दुरुस्तीवाला मान हलवून म्हणतो, "काकू, नवंच घ्या, परवडेल."

आणि ज्यांच्या नावानं ही कंपनी चालली, त्या खुद्द सिंगरसाहेबांचं ऐकायचंय? दार लावून घ्या. गांधीजी यंत्रांवर टीका करायचे, पण शिलाई मशीनला त्यांनी अपवाद केला होता. हातानं शिवत बसलेल्या बायकोचे कष्ट सिंगरला बघवेनात, म्हणून प्रेमापोटी त्यानं मशीन केलं, अशी गोष्ट ते सांगत. गोष्ट गोड आहे. फक्त कुठल्या बायकोचे कष्ट, ते ठरवणं अवघड. 1860 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर एका बाईंनी साहेबांना दुसऱ्याच बाईबरोबर गाडीतून जाताना पाहिलं आणि भर रस्त्यात आरडाओरडा केला. मग एकेक घर उघडकीला आलं. मुलं मोजली तर दोन डझनांच्या आसपास! साहेबांनी देश सोडला आणि पुढं इंग्लंडमध्ये वाडा बांधायला घेतला. प्रेमापोटी म्हणायचं तर प्रेम पुष्कळ होतं, एवढं मान्य.

तर माझा निकाल ऐका. ब्लाऊज, परकर, पिशव्या, पडदे एवढंच शिवायचं असेल तर काळं मशीन घ्या. घेताना चाक हातानं फिरवून बघा, अडखळत असेल तर सोनेरी नक्षीवर भुलू नका. नक्षी नवी चिकटवता येते. काज हवीत, ताणाचं कापड शिवायचंय, तर बोर्ड नसलेलं साधं झिगझॅग पांढरं घ्या. सगळ्यांतलं कमअस्सल कोण हे विचारायचंच असेल, तर ऑनलाइन मिळणारं ते मुठीत मावणारं सेलवरचं मशीन. एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालतं, आणि शेवटचं टोक ओढलं की अख्खी शिवण सुर्रकन उसवते.

आणि ज्यांनी बेसिन बसवलंच आहे त्यांना हात जोडून विनंती: माळ्यावर टाकलेलं ते डोकं तरी शिवणाऱ्या बाईला द्या. ते हातचाकावर चालतं, छोटी मोटर लावूनही चालतं आणि सांगाड्यासकट दिलंत तर फारच उत्तम. थोडं तेल आणि एक नवा चामडी पट्टा एवढ्यावर ते पुन्हा सुरू होतं. पट्टा अजून मिळतो.