धोक्याची वारसनोंद

आमच्या जिल्ह्यात बांध कोरल्यावरून तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि चौथी पिढी वकील होते. अशा मुलखात एखाद्या आबांनी मागे पिस्तूल ठेवून डोळे मिटले, तर पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. (आबा काल्पनिक आहेत. ओळखीचे वाटले तर दोष तुमच्या तालुक्याचा.)

आबांना परवाना मिळाला तो जिवाला धोका आहे म्हणून. धोका विरोधकांकडून, असे अर्जात होते. पुढे ते विरोधक आबांच्याच पॅनेलमध्ये आले, एकाची मुलगी आबांच्या पुतण्याला दिली, बाकीचे आबांच्या आधीच वर गेले. आबांच्या जिवाला शेवटपर्यंत खरा धोका राहिला तो साखरेचा, कारखान्यातल्या नव्हे, रक्तातल्या. बत्तीस बोअरचे पिस्तूल मात्र सफारीखाली कमरेला कायम. अपवाद आचारसंहितेचा. लोकसभा, विधानसभा, झेडपी, काहीही लागले की पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा. विरोधक खरोखर पेटलेले असत, नेमक्या त्याच महिन्यात आबा मोकळ्या कमरेने फिरत.

शस्त्र नियम २०१६ मधल्या पंचविसाव्या नियमाने आबांची सोय केली होती. परवानाधारकाला सत्तर वर्षे पुरी झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, यांतले जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच वारस नेमू शकतो. आबांनी नेमला नाही. राजकारणातही नेमला नव्हता. वारस नेमला की दुसऱ्या दिवसापासून माणसे चहाला त्याच्याकडे जातात, एवढे आबांना कळत होते.

त्यामुळे आता पिस्तूल ठाण्यात आणि मुले वकिलाकडे. सातबाऱ्यावर नाव चढते तसा परवाना चढत नाही. वारसाने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा. मग पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते कुलपात ठेवीन अशी लेखी हमी. एवढ्यावर भागले असते, पण बाकीच्या वारसांची ना हरकतही लागते. ज्या घरात सामाईक विहिरीच्या मोटारीवर एकमत होत नाही, त्या घराकडून सरकारने पिस्तुलावर एकमत मागितले आहे.

थोरल्याचे म्हणणे, मी थोरला. मधल्याचे म्हणणे, आबांची शुगर मी तपासायचो. धाकटा काही बोलला नाही. त्याने आबांचा पिस्तुलासकट फोटो स्टेटसला टाकून खाली ‘वारसा’ एवढेच लिहिले. थोरल्याची अडचण वेगळी. त्याच्याकडे आधीच दोन हत्यारे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच, वाडवडिलांकडून आलेले धरून. त्याने बायकोचे नाव पुढे केले. कायदा वारसांत सुनेला आणि जावयालाही धरतो. आपल्या घरांपेक्षा कायदा दिलदार आहे. धाकट्याला कोणीतरी सांगितले की त्याच दुरुस्तीने वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवले आहे. तेव्हा त्याचा प्रश्न असा, की मग पिस्तूल घ्यायचे तरी कशाला?

आबांची चौथी वारस इंदूरला दिलेली. इथे राज्याची हद्द आली. परवाना असलेल्या माणसाने आपले शस्त्र दुसऱ्या हक्कदाराला द्यायचे, तर १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवा आणि पंचेचाळीस दिवस थांबा. घेणाऱ्याचा परवाना त्याच्या जिल्ह्यातला. इंदूरच्या कारकुनापुढे जुना कागद येणार अहमदनगरचा आणि नवा अहिल्यानगरचा, कारण २०२४ मध्ये जिल्ह्याचेच नाव बदलले. आता हे दोन जिल्हे नसून एकच आहे, हे सिद्ध करायला आणखी एक प्रतिज्ञापत्र. टेक्सासमधल्या चुलतभावाने व्हिडिओ कॉलवर हसून घेतले: त्यांच्याकडे दुसऱ्या राज्यातल्या भावाला पिस्तूल द्यायचे तर परवानाधारक दुकानदारामार्फत द्यावे लागते, पण वारशाने आले तर तेवढेही नाही. मधला म्हणाला, तिथे जमीन नसेल.

वास्तविक सोयऱ्याधायऱ्यांत हद्दीपार शस्त्रे पाठवण्याची या जिल्ह्याची परंपरा फार जुनी. हुसेन निजामशहाने मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. १५४९ मध्ये नगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ, वजन सुमारे पंचावन्न टन, परांड्याला गेली आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला. आज ती कर्नाटकात आहे, त्या जिल्ह्याचेही नाव बदलले आहे, आणि ना हरकतीचा कागद अजून कोणी मागितलेला नाही. इंग्रजांनी एकदा ती लिलावात काढली तेव्हा सर्वांत वरची बोली दीडशे रुपयांची आली. आणि चोंडीची लेक माळव्यात सून होऊन गेली, तिला सासऱ्याने, मल्हाररावांनी, १७६५ मध्ये पत्र लिहिले ते तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे निघ म्हणून. पंचेचाळीस दिवस थांब, असे त्यात नाही.

ही परंपरा आजही काहीजण चालवतात. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचा गावठी कट्टा सेंधवा, धुळे, मनमाड करत आमच्याकडे पोहोचतो. नोटरी नाही, कुलपाची हमी नाही, भावाची सही नाही. वाटेत त्याला त्रास होतो तो नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांचा, आणि तो सगळ्यांनाच होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस उमर्टीत शिरले आणि त्यांनी भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. एरवी कट्टा पकडला की पेपरात फोटो: टेबलावर कट्टा, मागे गुन्हे शाखेचे कर्मचारी ओळीने, पुढे तोंड झाकलेला आरोपी. आबांच्या पिस्तुलाला हा मान कधी मिळाला नाही. त्याच्या परवान्याला युनिक नंबर आहे, राष्ट्रीय यादीत नोंद आहे. ते कुठे आहे हे सरकारला पक्के ठाऊक असते, म्हणून चौकशी त्याचीच होते.

असो. शेवटी तिघा भावांनी मिटवले. थोरल्याच्या बायकोच्या नावाने अर्ज, मधल्याला आबांची जीप, धाकट्याला स्टेटस. राहिली बहिणीची सही. ती काय, पाठवून देईल. राखीपौर्णिमेला आली तेव्हा जमिनीच्या हक्कसोडपत्रावर एका साडीत सही करून गेली होती. कागद कुरिअरने इंदूरला गेला आणि कोराच परत आला. सोबत तिने स्वतः तिकडे केलेल्या अर्जाची प्रत. शस्त्र कशासाठी हवे, या रकान्यात तिने लिहिले आहे: माहेरी तीन भाऊ.