नाईट किती जी?

समजा, उद्या सिंदेवाहीची एखादी पोरगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. निवडली जावीच, पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गळ्यांचा तुटवडा नाही. पण तिचा गळा नंतर. आधी मुंबईची माणसं तिचं घर बघायला येतील.

येतील ती मार्गशीर्षात. घरकुलाचं पक्कं घर बघून त्यांचा चेहरा पडेल. ‘टाइल्स नकोत, जुनं काही आहे का?’ मग काकाचं कवेलूचं घर सापडेल. बाप इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, त्याला बनियनवर आणतील. आईला रोवणा करताना दाखवायचं ठरेल. ती म्हणेल, ‘आता कोन्ता रोवना जी? धान तं चुरून झाला.’ हरकत नाही, बांधीत पाणी सोडा! डिझेल इंजिन लावून चिखल होईल. आई दोनदा वाकेल, तिसऱ्यांदा तिला रडायला सांगतील. टीव्हीवर गरिबी चार मिनिटं, गाणं दोन.

खरा दाखलाही आहे. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण 2024 मध्ये मराठी बिग बॉसचं पाचवं पर्व जिंकला. 14 लाख 60 हजार घेऊन घरी गेला, आनंदच आहे. पण 70 दिवसांच्या त्या खेळात त्याच्या पोरकेपणाच्या आगेमागे किती रुपयांच्या जाहिराती लागल्या, तो आकडा अंतिम सोहळ्यात कुणी वाचून दाखवला नाही.

आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकवाल्यांचं बरं असतं. वडशाला मंडळाच्या कचेरीत नट आधी विचारतो, ‘नाईट किती?’ म्हणजे एका रात्रीच्या खेळाचे पैसे किती. आकडा ठरतो, मग तोंडाला रंग. रात्री पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. वन्स मोअर आला की तेच गाणं पुन्हा, आणि खूश झालेला प्रेक्षक नोट घेऊन पुढे येतो. मंडळवालेही कधी बुडवतात, नाही असं नाही. पण बुडवायला आधी काहीतरी ठरावं लागतं. टीव्हीवर नवख्याला बहुतेकदा ‘संधी’ मिळते. संधी दाखवून किराणा मिळत असेल तर दुकानाचा पत्ता मलाही कळवा.

कायदा नाही असंही नाही. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, सलग 27 दिवसांच्या वर काम द्यायचं नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची आणि कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. छान आहे. फक्त शून्याचे 20 टक्के किती, हे पाचवीतला पोरगाही सांगेल. आणि वयाची चौदा वर्षं ओलांडली की एवढाही आडोसा उरत नाही.

मग येतो करारनामा. आवाज, चेहरा, नाव, घरची कहाणी, हवं तिथं हवं तेव्हा वापरायचा हक्क त्यांचा, सही तुमची. सिंदेवाहीला हे नवीन नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या तुकडाभर शेतात वेगळी लोंबी हेरली, वर्षानुवर्षं निवडत धानाचं वाण घडवलं आणि त्या काळी गाजलेल्या घड्याळाचं नाव त्याला दिलं, एचएमटी. 1994 मध्ये सिंदेवाहीच्याच भात संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं. 1998 मध्ये ते कृषी विद्यापीठाच्या नावानं बाहेर आलं, पीकेव्ही एचएमटी. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही वाण शुद्ध केलं. वाहिनी तरी वेगळं काय म्हणते? गळा तुझाच गं बाई, आम्ही फक्त शुद्ध केला.

दादाजी जून 2018 मध्ये गेले. त्यांच्याकडून निदान पाच किलो मोजून तरी नेलं होतं. पोरीच्या आईचे अश्रू कोणत्या मापानं मोजले, त्याची नोंद करारनाम्यात नसते.

तेव्हा पोरापोरींनो, ऑडिशनला खुशाल जा, नाईट ठरवल्याशिवाय उभं राहू नका एवढंच. करारनामा इंग्रजीत असला तर मराठीत मागा, सही करण्याआधी तालुक्याच्या वकिलाला दाखवा, एक प्रत घरी ठेवा. आणि मार्गशीर्षात बांधीत चिखल करायला कुणी आलंच, तर डिझेलचे पैसे आधी घ्या.