जाळी की टाका?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, आमच्या ह्यांना ऐकू जायला नको. दोन नंबरच्या भाऊजींच्या बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं एकदाचं!

तुम्हाला ठाऊकच आहे, शिंकले की बेंबी बोरासारखी टच्चकन बाहेर. सासूबाईंचा एकच धोशा, "बेंबीवर रुपया बांध." अहो, तान्ह्या बाळाची आपोआप बुजते, पन्नाशीतल्या माणसाची कशी बुजेल?

तर काय सांगत होते... हां, भाऊजींच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या दुसऱ्या जाऊबाई! "आमच्या ह्यांचं दुर्बिणीतून झालं हं, ओपन म्हणजे जुनाट." झालं, भाऊजींना दुर्बीणच हवी! शनिवारी सगळे चिंचवडच्या सर्जनकडे, जाऊबाईसुद्धा. भोक निघालं दीड सेंटिमीटरचं. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशासाठी तीन भोकं कशाला पाडू? बेंबीखाली छोटा छेद पुरे. दुर्बीण मोठ्या हर्नियाला, नाहीतर सुटलेल्या पोटाला." जाऊबाईंचा चेहरा असा उतरला म्हणे... त्यांच्या ह्यांचं पोट तुम्ही पाहिलंयच!

वहिनींनी विचारलं, नुसत्या टाक्यांवर नाही भागणार? डॉक्टर म्हणाले, सेंटिमीटरच्या आत असतं तर भागलं असतं. १९०१ साली अमेरिकेतल्या मेयो डॉक्टरांनी डबल-ब्रेस्ट कोटासारखा पदरावर पदर चढवून शिवायची रीत सांगितली, ती चालली कितीतरी वर्षं. पण २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये ३०० जणांचा अभ्यास आला, एक ते चार सेंटिमीटरवाल्यांचा. नुसते टाके घातलेल्यांत शंभरात १२ जणांचं परत उपटलं, आतून जाळी बसवलेल्यांत ४ जणांचं. वहिनी पडल्या शिवणकामवाल्या, पटकन म्हणाल्या, "म्हणजे विरलेल्या कापडाला आतून अस्तर!" डॉक्टर खूश. जाळी भोकाच्या चहूकडून तीन सेंटिमीटर पुढे जायला हवी म्हणे. अहो, आपण ठिगळ लावताना तेच तर करतो!

पण खरी मजा पुढेच. डॉक्टरांनी सहज विचारलं, "सिगारेट?" भाऊजी चपलेकडे बघत म्हणतात, "दिवसाला सहा." आणि वहिनींना वाटतंय, पाच वर्षांपूर्वीच सुटली, मोरया गोसावींच्या देवळात शपथ घेऊन! चाकणला कंपनीच्या गेटबाहेर चालायचं हो सगळं. डॉक्टरांनी सांगितलं, आधी महिनाभर तरी बंद, नाहीतर जखम चिघळेल आणि खोकून खोकून शिवण उसवेल. तारीख गेली पुढच्या महिन्यावर.

घरी येईपर्यंत वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. आज सकाळी मात्र स्वतः बसपर्यंत सोडायला गेल्या, भाऊजींचे खिसे चाचपून. कंपनीची अख्खी बस खिडकीतून बघत होती!